दहा मिलिबार

विमान जमिनीपासून किती उंचीवर आहे हे वैमानिकाला कसे कळते, असा प्रश्न मी आजवर पुष्कळ सुशिक्षित माणसांना विचारून पाहिला आहे. बहुतेकांचे उत्तर एकच असते: खाली बघून. मग धुक्यात काय करतो, असे विचारले की ती जरा थबकतात आणि म्हणतात, असेल काहीतरी यंत्र. यंत्र असते हे खरे. परंतु त्या यंत्राला जमीन दिसत नाही. त्याला फक्त हवेचा दाब कळतो. वर जावे तसा दाब कमी होत जातो, आणि तो किती कमी झाला यावरून उंचीचा काटा फिरतो. आता खालचा दाब काही रोज सारखा नसतो. सकाळचा आणि दुपारचासुद्धा सारखा नसतो. तेव्हा उतरण्यापूर्वी वैमानिकाला जमिनीवरून कोणीतरी सांगावे लागते की या घटकेला समुद्रसपाटीवर दाब इतका आहे. तो आकडा त्याने यंत्राच्या चिमुकल्या खिडकीत जुळवला, की मगच काटा खरे सांगू लागतो.

गेली सहा वर्षे तो आकडा काढणाऱ्या माणसांपैकी मी एक आहे. उपनगरातल्या आमच्या विमानतळावर टॉवरच्या पायथ्याशी हवामानाची कचेरी आहे. भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाल्यावर मी तिथे निरीक्षक म्हणून लागले तेव्हा आई म्हणाली होती, “एवढं शिकून ढग मोजणार?” ढग मोजावे लागतात, हे तिला ठाऊक नसताना ती बरोबर बोलली होती. आकाशाचे आठ भाग कल्पून त्यांतले किती ढगांनी व्यापले आहेत ते आम्ही खरोखरच मोजतो. अंधेरीला आमच्या शेजारी राहणाऱ्या मालूताईंना मात्र माझ्या पदवीचा एकच उपयोग मान्य होता. मी कामावर निघाले की त्या गॅलरीतून विचारायच्या, “काय गं, आज पापड घालू का?” माझा एक अंदाज चुकला आणि त्यांचे दोन शेर पोह्यांचे पापड भिजले. तेव्हापासून त्या माझे ऐकून घेतात आणि नेमके उलट करतात. त्यांचे पापड आता उत्तम वाळतात.

पण मला सांगायचे आहे ते टॉवरविषयी.

टॉवर म्हणजे चार मजली इमारतीच्या माथ्यावर बसवलेली काचेची खोली. शेवटचा टप्पा लोखंडी शिडीचा. आमच्या कचेरीतून दर अर्ध्या तासाने वारा, दृश्यता, ढग आणि दाब यांची चिठ्ठी वर जाते. ती नेण्याचे काम सावंतांचे. सावंत मालवणकडचे; वेधशाळेचे फुगे भरणे, तक्ते बदलणे आणि त्या बहात्तर पायऱ्या चढणे ही कामे ते माझ्या जन्माआधीपासून करत असावेत अशा थाटात करीत. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मी त्यांना म्हटले, “आज चिठ्ठी मी नेते.” ते म्हणाले, “न्या, बाय. पण थंय तोंड उघडू नका. साहेब हात वर करी सर, शिडयेच्या तोंडार उभ्या ऱ्हवा.”

तो नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण सगळे पाळत. वर येणाऱ्याने शिडीच्या शेवटच्या पायरीवर थांबायचे. मायक्रोफोनसमोरच्या अधिकाऱ्याने डावा हात वर केला तरच पुढे व्हायचे; हात तो वळून न बघताच वर करी. कारण त्याच्या कानात त्या क्षणी कोण बोलत आहे हे येणाऱ्याला माहीत नसते.

त्या दिवशी मी किती वेळ उभी होते कोण जाणे. खुर्चीत गुप्ते साहेब होते. वय पंचेचाळीसच्या आसपास, अर्ध्या बाह्यांचा पांढरा सदरा, आवाज इतका खालचा की शेजारच्या माणसानेही कान द्यावा. मला वाटले होते की हा माणूस आकाशाकडे पाहत असेल. तो पाहत होता टेबलावरच्या फळीकडे. फळीवर कागदाच्या अरुंद पट्ट्या, प्रत्येक विमानाची एक. त्या पट्टीवर विमानाचे नाव, कुठून निघाले, कोणत्या उंचीवर आहे, शेवटचे केव्हा बोलले. विमान जवळ येईल तशी पट्टी खाली सरकते, उतरले की उचलली जाते.

हे लिहायला सोपे आहे. पण वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. विमान कुठे आहे हे दाखवणारा कसलाही पडदा आमच्या टॉवरमध्ये नव्हता. एक विमान डहाणूवर आहे, दुसरे कर्जतवर, तिसरे समुद्रावर घिरट्या घालत आहे, ही सर्व माहिती फक्त ऐकीव. वैमानिक सांगतो, साहेब लिहून घेतात, आणि त्या सात-आठ कागदी पट्ट्यांवरून मनात एक अवकाश रचतात. त्यात प्रत्येक विमान आपापल्या वेगाने सरकते. त्या अवकाशात दोन पट्ट्या एकमेकींच्या फार जवळ आल्या, की ते शांतपणे एकाला म्हणतात, “हजार फूट वर थांबा.” मी चार वर्षे गणित शिकले होते. इतके गणित इतक्या कमी आवाजात होताना मी कधी पाहिले नव्हते.

शेवटी डावा हात वर झाला. मी चिठ्ठी पुढे केली. साहेबांनी प्रथमच वळून पाहिले.

“सावंत आजारी?”

“नाही. मला बघायचं होतं.”

“बघितलंत?”

“अजून समजलं नाही.”

ते किंचित हसले. टेलिफोनवर बसलेले डिमेलो म्हणाले, “या रोज, मॅडम. आम्हालाही अजून समजायचंय.”

डिमेलो हे साहेबांचे सहायक, मनोरीचे. पहाटे होडीने मार्वेला येऊन मग पुढचा प्रवास करायचे. हवामान खात्याबद्दल त्यांचा एक ठाम सिद्धान्त होता. “तुमच्या कचेरीतलं माणूस छत्री घेऊन आलं ना, की मी माझी घरी ठेवतो,” असे ते मला महिन्यातून दोनदा तरी ऐकवायचे.

मी रोज नाही, पण काम संपल्यावर आठवड्यातून दोन-तीनदा वर जाऊ लागले. शिडीच्या तोंडाशी उभी राहायचे, आणि मला कोणी हाकलले नाही. एका दुपारी असेच उभी असताना एक विमान रेडिओ बंद पडलेल्या अवस्थेत आले. त्याला काही ऐकू येत नव्हते आणि काही सांगता येत नव्हते. धावपट्टीवर दुसरे विमान उड्डाणाच्या तयारीत होते. साहेबांनी छताच्या आकड्याला टांगलेला पिस्तुलासारखा दिवा काढला, एक डोळा मिटला आणि त्या दूरच्या ठिपक्यावर लाल उजेड रोखला. ठिपका वळला आणि फेरी मारू लागला. साहेबांनी धावपट्टी मोकळी करवली आणि मग हिरवा उजेड धरला. विमानाने दोन्ही पंख हलवले, समजले असे सांगण्यासाठी. कोणाच्या तोंडून एक अक्षर निघाले नव्हते. विमान उतरले, साहेबांनी पट्टी उचलली आणि डिमेलोंना म्हणाले, “चहा सांगा.” 

पुढे मी चौकशी केली होती. हे काम मला करता येईल का, अर्ज कुठे द्यायचा? उत्तर सभ्य आणि त्रोटक मिळाले: या पदासाठी स्त्रियांचा विचार होत नाही. मी ते पत्र घडी करून ठेवले आणि ठरवले की आपला आकडा तरी असा द्यायचा की वरच्या माणसाला त्याचा विचारच करावा लागू नये. माझी दाबाची वाचने दशांशापर्यंत अचूक असत. पडताळणीत माझ्या वाचनात कधी फरक निघाला नव्हता. मला त्याचा अभिमान होता, आणि तो अभिमान या हकिकतीत येणार आहे.

जानेवारीतला एक सोमवार. आमची पाळी सकाळी आठला बदलते, टॉवरचीही तेव्हाच. त्या सकाळी घाटकोपर-विक्रोळीच्या बाजूने दाट धुरकट धुके जमिनीला चिकटून बसले होते. वारा शून्य. दृश्यता इतकी कमी होती की उड्डाणे थांबवलेली होती.

सोमवार हा आमच्याकडे नवेपणाचा दिवस. दाबाची अखंड नोंद ठेवणारे एक यंत्र असते: घड्याळावर फिरणारा पितळी दंडगोल, त्याच्यावर गुंडाळलेला आठवड्याचा कागद, आणि दाबाप्रमाणे वरखाली होत त्यावर शाईची रेघ ओढणारी लेखणी. दर सोमवारी सकाळी जुना कागद काढून नवा चढवायचा आणि पाऱ्याच्या दाबमापकावर जे वाचन येईल त्या अंकावर लेखणी टेकवायची. त्या दिवशी नोंदवहीतही नवे पान सुरू झाले होते.

मी पाऱ्याची उंची वाचली. दाबमापकाला मुख्य पट्टी असते आणि तिच्यावर सरकणारी एक बारीक पट्टी असते. मोठा अंक पहिलीवर, दशांश दुसरीवर. दशांश वाचायला डोळा पाऱ्याच्या अगदी पातळीत आणावा लागतो. मी तो आणला, श्वास धरला, दशांश अचूक वाचला, आणि मुख्य पट्टीवरचा दहाचा अंक एक घर वरचा घेतला. मिलिबार या दाबाच्या मापात एक हजार तेराच्या जागी एक हजार तेवीस. बारीक अंक बरोबर, मोठा अंक चूक. अशी चूक निष्काळजी माणसाच्या हातून होत नाही. दशांशाचा ध्यास असलेल्याच्याच हातून होते.

चूक होणे एक, आणि ती न सापडणे दुसरे. एरवी ती सापडलीच असती. लेखणीची रेघ म्हणाली असती, मी तेरावर आहे, तू तेवीस कसे म्हणतेस? पण लेखणी मी नुकतीच माझ्याच वाचनावर टेकवली होती, म्हणजे साक्षीदाराला मीच पढवले होते. वहीतल्या आधीच्या ओळीने मला अडवले असते, पण ती आदल्या पानावर होती. वर टॉवरमध्ये जुन्या पाळीने फळ्यावर लिहिलेला आकडा नव्या पाळीसाठी पुसला गेला होता. आणि जमिनीवर उभ्या असलेल्या एखाद्या वैमानिकाने माझा आकडा जुळवला असता, तर आपण उभ्याउभ्याच तीनशे फूट उंचीवर आहोत असे त्याला दिसले असते आणि त्याने आरडाओरडा केला असता. पण धुक्यामुळे एकही विमान निघत नव्हते. चूक पकडणारी सगळी माणसे आणि यंत्रे त्या अर्ध्या तासात एकाच वेळी दूर झाली होती.

चिठ्ठी वर गेली. एक हजार तेवीस.

आठ वाजून बावीस मिनिटे झाली असावीत. साडेआठची मोठी निरीक्षणे तारेने देशभर जातात, त्यांत कालच्या आणि आजच्या दाबातला फरकही द्यावा लागतो. मी तयारी म्हणून कालचे पान उलटले. काल याच वेळेला एक हजार तेरा आणि काही दशांश. आज आठला तेवीस. फरक दहाचा.

मुंबईत असे होत नाही. इथला दाब दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो, भरती-ओहोटीसारखा ठरल्या वेळी, आणि एका दिवसाने दुसऱ्या दिवशी एक-दोन मिलिबारांपलीकडे सहसा जात नाही. दहाचा फरक म्हणजे वादळ. हे मला कळत होते. तरी प्रामाणिकपणे सांगते, माझ्या मनात पहिला विचार आला तो असा की काल कोणीतरी चुकले आहे. काल पाळीवर कोण होते ते पाहायला मी खालची सही वाचू लागले.

इतक्यात सावंत जुना कागद फाईलला लावण्यासाठी घेऊन आले. लावण्यापूर्वी जुन्या कागदाची कड नव्याला जुळवून पाहण्याची त्यांची सवय होती.

“बाय,” ते म्हणाले, “जुनी रेघ हंय संपता, आणि नवी थंय वर सुरू होता. मधी काय झाला?”

मी उठून दाबमापकाकडे गेले. या वेळी दशांश पाहिलाच नाही. एक हजार तेरा.

एका मिलिबारला साधारण तीस फूट, दहाला तीनशे. आणि चूक वरच्या दिशेची असल्यामुळे काटा खऱ्यापेक्षा अधिक उंची दाखवणार. म्हणजे विमान वैमानिकाला वाटते त्याहून तीनशे फूट खाली. हा हिशेब मला करावा लागला नाही, तो आपोआप समोर उभा राहिला. त्याच्यामागोमाग दुसरी गोष्ट आठवली: सव्वाआठच्या सुमारास डिमेलोंनी खाली विचारणा केली होती, पूर्वेकडून डाकोटा विमान येते आहे, टेकड्यांच्या बाजूची दृश्यता काय?

टेलिफोन उचलला. टॉवरची लाइन गुंतलेली.

“सावंत, फिरवत राहा. लागला की सांगा, तेवीस नाही, तेरा.”

“तेवीस न्हय, तेरा,” ते म्हणाले आणि त्यांनी रिसीव्हर घेतला.

मी धावले. बहात्तर पायऱ्या मी कितीदा तरी मोजल्या होत्या, त्या दिवशी मोजल्या नाहीत. लोखंडी शिडीवर निऱ्या एका हाताने वर धरून चढले आणि शेवटच्या पायरीवर पोचले तेव्हा गुप्ते साहेबांचे बोट मायक्रोफोनच्या बटणावर होते. डिमेलो टेलिफोनवर कोणाला तरी दृश्यता समजावून सांगत होते. साहेबांचा डावा हात टेबलावर होता. तो वर झालेला नव्हता.

“साहेब, दाब चुकलाय,” मी म्हणाले. “तेवीस नाही. तेरा.”

डिमेलोंचे बोलणे तुटले. साहेब वळले नाहीत. बोट बटणावर तसेच.

“कशावरून?”

“कालच्यापेक्षा दहा जास्त येतोय, तसं इथे होत नाही. जुन्या कागदाची रेघ तेराला संपते. आणि आत्ता पारा तेरावर आहे, मी बघून आले.”

मी तीन वाक्ये बोलले. ती संपेपर्यंत त्यांनी बटण दाबले होते. संभाषण अर्थातच इंग्रजीत झाले. त्याचा मतलब देते. आधी त्यांनी विमानाला नाव घेऊन सांगितले की उतरणे थांबवा, वर चढा, सरळ समुद्राकडे जा. मग म्हणाले: दुरुस्ती. दाब एक हजार तेरा. पुन्हा सांगतो, एक, शून्य, एक, तीन. परत म्हणून दाखवा.

आकडा परत म्हणून दाखवणे हा या धंद्याचा कणा आहे. वैमानिकाने “बरं” म्हटलेले चालत नाही, “समजलं” चालत नाही. जो आकडा ऐकला तो त्याने स्वतःच्या तोंडाने उच्चारायचा. तोपर्यंत तो आकडा वाटेतच कुठेतरी आहे असे धरायचे.

खोलीत खरखर तेवढी ऐकू येत होती. पूर्वेच्या काचेपलीकडे राखाडी पांढरे काहीतरी होते, त्यात टेकडीही नव्हती आणि आकाशही नव्हते. डिमेलोंनी रिसीव्हर छातीशी धरला होता. त्यातून कोणीतरी “हॅलो, हॅलो” करत होते. साहेबांनी दुसऱ्यांदा बटण दाबले नाही. पुढे मी त्यांना त्याचे कारण विचारले, तेव्हा ते म्हणाले की त्या क्षणी वैमानिकाचे दोन्ही हात कामात असणार, त्याला बोलायला लावणे म्हणजे एक हात काढून घेणे. मला ते माहीत नव्हते. मला वाटत होते की सगळे संपले.

मग आवाज आला. एक हजार तेरा. चढतो आहोत.

आणि त्यानंतर मिनिट-दोन मिनिटांनी काचा थरथरल्या. विमान आमच्या डोक्यावरून गेले. ते आम्हाला दिसले नाही. त्या धुक्यात दोन इंजिनांचा भरलेला आवाज पूर्वेकडून आला, खोलीतून गेल्यासारखा गेला आणि पश्चिमेला जुहूच्या दिशेने विरला. डिमेलोंनी छातीवर क्रूसाची खूण केली. साहेबांनी पट्टीवर नवी उंची लिहिली.

ते विमान किती खाली आले होते, आणखी मिनिटभर काही झाले नसते तर काय झाले असते, हे मला निश्चित सांगता येत नाही. त्या वेळी त्याचा काटा पंधराशे दाखवत होता, म्हणजे खरी उंची बाराशे. पुढे टेकड्यांवरून आणखी खाली यायचे होते. गणित इथपर्यंत येते. कदाचित वैमानिकाला एखादे झाड दिसले असते आणि त्याने स्वतःच विमान उचलले असते. कदाचित.

नऊला दहा मिनिटे असताना धुके थोडे विरळ झाले आणि डाकोटा उतरली. मी आमच्या खिडकीतून पाहिले. शिडीवरून एक बाई झोपलेले मूल खांद्यावर घेऊन उतरल्या. एक गृहस्थ दारात थांबून आपली टोपी शोधत होते आणि मागचे लोक त्यांच्यावर वैतागले होते. एकाने हवाईसुंदरीला नमस्कार केला. विमान अर्धा तास उशिरा आले याबद्दल कोणीतरी मोठ्याने तक्रार करीत होते. त्यांच्यापैकी कोणालाही माझे नाव माहीत नव्हते आणि माझा आकडाही माहीत नव्हता. तो आकडा त्यांच्यासोबत टेकड्यांवरून आला होता.

त्याचे पुढे जे व्हायचे ते झाले. आमच्या प्रमुखांनी नऊचे वाचन स्वतः घेतले आणि मला खुलासा लिहायला बसवले. नोंदवहीतला चुकीचा आकडा खोडायचा नसतो. त्यावर एकच रेघ मारून वर बरोबर आकडा लिहायचा आणि सही करायची, म्हणजे चूक कायम वाचता येते. मी ती रेघ मारली. माझ्या सेवापुस्तकात शेरा आला आणि त्या वर्षीच्या प्रशिक्षणाच्या यादीतून माझे नाव गेले. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार एकच आहे. खुलाशात मी लिहिले होते की विसंगती प्रथम सावंतांच्या ध्यानात आली, आणि ती ओळ प्रमुखांनी अनावश्यक म्हणून काढायला लावली. मी काढली. ती काढायला नको होती. सावंतांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, “माका काय, बाय. कागद वाकडो दिसलो म्हणान बोललंय.” कचेरीचा नियम मात्र बदलला. आता सोमवारी लेखणी टेकवण्यासाठी एकाने वाचन घ्यायचे आणि टॉवरसाठी दुसऱ्याने.

पण हे सगळे नंतरचे. मला शेवटी सांगायचे आहे ते त्याच सकाळचे, नऊ वाजून वीस मिनिटांचे.

खुलाशाचा कोरा कागद टेबलावर तसाच ठेवून मी पुन्हा वर गेले. गुप्ते साहेबांना दहा मिनिटांची सुटी मिळाली होती आणि ते काचेच्या खोलीबाहेरच्या अरुंद सज्जात चहा घेऊन उभे होते. दारातून डिमेलो म्हणाले, “मॅडम, एवढं जोरात तर आमचं अग्निशामक दल पण धावत नाही,” आणि माझा चेहरा पाहून आत वळले.

मी साहेबांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. माफी मागायची असे ठरवून आले होते. वाक्यही जुळवले होते. 

“खुलासा लिहिलात?” त्यांनी विचारले.

“लिहितेय. नऊचं वाचन आमच्या साहेबांनी घेतलं.”

“बघितलं. अक्षर वेगळं होतं.”

खाली धावपट्टीच्या कडेला धुक्याची शेवटची चिंधी उरली होती. घाटकोपरच्या टेकड्या आता स्पष्ट दिसत होत्या, इतक्या जवळ की मला पाहवेना.

“साहेब,” मी म्हणाले, “मी नियम मोडून मधेच बोलले. तुम्ही मला ‘नक्की का, खात्री आहे का’ असं विचारलं नाहीत. मी घाबरलेली होते. दुसऱ्यांदाही चुकू शकले असते.”

त्यांनी कप कठड्यावर ठेवला.

“खात्री तर तुम्हाला आठ वाजतासुद्धा होती, बाई. खात्री विचारून काय करू? मी कारण विचारलं.”

त्यांनी आतल्या घड्याळाकडे पाहिले. 

“जा आता,” ते म्हणाले. “साडेनवाला आठ मिनिटं आहेत. वाचन कोणी घ्यायचं ते तुमचे साहेब ठरवतील. पण मी विचारलंय म्हणून सांगा, मला तुमच्या अक्षरातली चिठ्ठी हवी. वर चार विमानं थांबलीत.”

मी खाली आले आणि गुप्ते साहेबांचा निरोप सांगितला. आमचे प्रमुख माझ्याकडे आणि मग घड्याळाकडे पाहून बाजूला झाले. मी सावंतांना शेजारी उभे केले, दशांशाची बारीक पट्टी बोटाने झाकून धरली, आणि आधी मोठा आकडा वाचला, मोठ्याने.